टाकीच्या झाकणाचं रबर

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, माझ्याशी बोलत नाहीत. भांडण नाही, रीत आहे. आमच्याकडे धाकट्या सुनेनं भासऱ्यांशी थेट बोलायचं नसतं आणि त्यांनीही तिच्याशी नाही. मी समोर चहा ठेवून उभी असले तरी ते सासूबाईंनाच म्हणणार, साखर कमी टाकायला सांग. इतकी वर्षं मला याचा फारसा त्रास नव्हता. आमची जुनी पिकअप वाटेत बंद पडायला लागली तेव्हा झाला.

गाडी मी चालवते. नवऱ्याची कंबर गेली तेव्हापासून तलमडुगूजवळच्या आमच्या मळ्यातली मेथी, वांगी, टमाटे आदिलाबादच्या रयतू बाजारात, म्हणजे शेतकऱ्यांनी थेट माल विकायच्या बाजारात, मीच नेते. लायसन माझ्या नावाचं आहे. त्या हिवाळ्यात गाडी अर्ध्या रस्त्यात दम तोडू लागली. आधी ओढ कमी व्हायची, मग आचके, मग ठप्प. सेल्फ खणखणीत फिरायचा, म्हणजे बॅटरी चांगली होती. इंजिन मात्र पकडायचं नाही. बराच वेळ उभी ठेवली की आपोआप चालू. तोवर बाजारातली गर्दी ओसरलेली आणि मेथीनं माना टाकलेल्या.

आणि भासऱ्यांनी नेली की एकदाही बंद पडायची नाही. झालं, त्यांना तेवढंच पाहिजे होतं. मी चुलीपुढे भाकरी थापतेय हे दिसत असताना ओसरीवरून सासूबाईंना म्हणाले, "गाडीले बाईचा हात सोसत नाई. आता एक डाव बंद पडली का चाबी माह्याजवळ." मिस्त्रीनं फिल्टर बदलला, नळ्या तपासल्या, काही उपयोग झाला नाही. नवरा खाटेवर कूस बदलून पडून राहिला. मला भासऱ्यांपेक्षा त्याचा जास्त राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

मग एका सकाळी गाडी पुन्हा मेली. चाबी जाणार हे कळत होतं. मी बॉनेट उघडलं. डिझेल वर ओढायला फिल्टरवर हातानं दाबायचा एक छोटा पंप असतो. तो दाबला तर दबलेलाच राहिला, वर येईना. म्हणजे मागून डिझेल येतच नव्हतं, आणि टाकी तर आदल्या दिवशी मी गच्च भरून घेतलेली. मोटरसायकलवरून जाणारा एक जण थांबून विचारायला लागला, घरी माणूस नाही का. मी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो निमूट निघून गेला. डिझेल गळून गेलं की काय बघावं म्हणून टाकीचं झाकण फिरवलं, तर सूं करून हवा आत गेली. पंप पुन्हा दाबला. आता तो लगेच वर उसळला, चार-दोनदा दाबल्यावर कडक झाला. सेल्फ मारला आणि गाडी चालू.

मी झाकण उलटं करून पाहिलं. आत सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा घट्ट चिकटवलेला. तो भासऱ्यांचाच उद्योग. डिझेल हिंदकळून मेथीला वास लागतो अशी बाजारातून ओरड झाली, तेव्हा त्यांनी तो बसवला आणि घरभर कौतुक करून घेतलं. त्या तुकड्यानं झाकणाचं बारीक छिद्र बुजलं होतं. डिझेल संपत जाईल तशी आत हवा यायला पाहिजे, ती येणार कुठून? गाडी बराच वेळ उभी राहिली की कडेनं हळूहळू शिरायची, तेवढीच. त्यांच्या हाती गाडी चालायची, कारण डिझेलचा काटा बिघडलेला आणि ते भरतात थोडंथोडं. चहाला थांबले की झाकण उघडून काडी बुडवून बघायचे. दर वेळी टाकीला हवा मिळायची. मी टाकी भरून, किलोमीटर लक्षात ठेवून, कुठेही न थांबता जाणारी. नीट वागल्याची शिक्षा मला मिळत होती.

घरी येऊन तो तुकडा सासूबाईंच्या हातात दिला आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांनी भासऱ्यांना काय सांगितलं, तर गाडीत कुठंतरी रबर अटकलं होतं म्हणे. कुणी लावलं ते गिळून टाकलं. भासऱ्यांनी तुकडा हातात फिरवला. त्यांना कळलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. तरी म्हणाले, "बरं झालं, गाडी सुदरली. तिले म्हन चाबी दे, उद्यापासून मीच नेतो."

मी सासूबाईंकडे पाहिलंच नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा भासऱ्यांकडे तोंड करून बोलले. "भाऊजी, ते रबर तुमी लावलं. गाडी तुमच्या हातानं बंद पडून राह्यली होती, माह्या नाई. चाबी मी देत नाई."

ते आईकडे वळले, "तिले सांग," म्हणाले. सासूबाई उठून आत गेल्या. चाबी माझ्याजवळ राहिली. बाईच्या हाताबद्दल जे बोलले ते त्यांनी आजवर मागे घेतलेलं नाही. काही सांगायचं असलं की मी आता सरळ त्यांच्यासमोर जाऊन सांगते, आणि त्यांना ते आवडत नाही असं दिसलं की थोडं मोठ्यानं सांगते.