अळीसकट गुच्छ

फुलं विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाची उलटतपासणी घ्यावी, ही पद्धत अख्ख्या जगात एकाच माणसानं पाडली आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. आमचे साडूभाऊ यवतमाळात ऑनलाइन ऑर्डर घेऊन घरोघरी फुलं पोचवायचे. वेबसाइट त्यांच्या मुलीनं पुण्याला नोकरीवर जाण्याआधी करून दिली होती. ती उघडली की फुलांच्या आधी अटी दिसत. गुलाब मिळणार नाही, का ते फोनवर सांगू. प्लास्टिक मिळणार नाही, मागू नये. हंगामात नसलेलं फूल हवं असल्यास हंगाम येईपर्यंत थांबावं. एवढं वाचूनही कोणी ऑर्डर दिलीच, तर साडूभाऊ त्याला स्वतः फोन लावत. "फुलं कायले पाह्यजे? बायकोसंग भांडण झालं काय? मंग फुलं काहून पाठवता, सोता जा नं घरी!" निम्मी गिऱ्हाइकं तिथंच गळत, आणि साडूभाऊ एक संसार वाचवल्याच्या समाधानात चहा घेत.

मूळचे ते कापसाचे ग्रेडर. यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये पंचवीस वर्षं कापसाचा पुंजका चिमटीत ओढून ते धाग्याची लांबी सांगत. कापसाचे दिवस फिरले, जिनिंगला कुलूप लागलं, पण चिमटीची सवय काही सुटली नाही. समोर आलेली प्रत्येक वस्तू ते ओढून बघत. माझ्या लग्नात मिळालेल्या शालीला त्यांनी मांडवातच "आखूड धागा" असा शेरा दिला होता, आणि ती शाल देणारे माझे मामेसासरे पुढे कैक वर्षं आमच्याशी तुटक बोलत. झेंडूची पाकळीही ते तशीच पारखून घेत. गुच्छ पळसाच्या पानांच्या द्रोणात बसवायचा, वर कच्च्या सुताची गाठ मारायची, ओल्या गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरियरला बांधायचा, असा सगळा थाट. बरं, फुलं पोचली म्हणजे सुटलो असंही नाही. दुसऱ्या दिवशी हेच गृहस्थ सुकलेली फुलं खतासाठी परत न्यायला दारात हजर. आमच्या भाचीच्या लग्नानंतर सकाळी सहाला त्यांनी नवरदेवाचं दार वाजवून दोन्ही हार परत मागितले. झोपेतून उठलेल्या त्या पोराला वाटलं, लग्न मोडलं.

या सगळ्या उपद्व्यापाच्या मुळाशी होत्या बेबीताई. केळापूरजवळच्या एका गावात त्यांची शेती, आणि त्यांचा कापूस पूर्वी साडूभाऊंच्याच जिनिंगला येई. तिकडे कपाशीभोवती झेंडू लावतात, अळीनं झेंडूवर जावं आणि कपाशी वाचावी म्हणून. एका हंगामात बेबीताईंचे यजमान कीटकनाशकाची फवारणी करता करता शेतातच पडले. आठ दिवस त्यांना डोळे उघडता आले नाहीत. माणूस वाचला, पण त्यानंतर बेबीताईंनी फवारणीचा पंप घरात येऊ दिला नाही. साडूभाऊंनी त्यांना शब्द दिला, "फवारा मारू नका. झेंडू वाढवा. जेवढी फुलं निघतील तेवढी मी घेतो." त्या शब्दावर बेबीताईंनी निम्मी कपाशी कमी करून झेंडू लावला. रोज पहिल्या एसटीनं फुलांची टोपली यवतमाळला येऊ लागली. फुलांसोबत अर्थातच अळ्याही येऊ लागल्या.

त्यातली एक माझ्या नशिबात होती. आमच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांचा निरोप समारंभ होता आणि गुच्छाची जबाबदारी मी हौसेनं अंगावर घेतली होती. साहेब भाषणाला उभे राहिले. "या जिल्ह्यानं मला खूप काही दिलं," असं ते म्हणाले, तोच त्या जिल्ह्यानं दिलेली एक हिरवी, गुबगुबीत अळी त्यांच्या कॉलरवरून कानाकडे निघाली. पुढचं भाषण झालं नाही. फोटो मात्र झाला, आणि संध्याकाळपर्यंत तो गावातल्या प्रत्येक मोबाइलवर पोचला. दसरा आठ दिवसांवर आलेला. एकेक करत तोरणांच्या, हारांच्या सगळ्या ऑर्डरी रद्द झाल्या.

मी तणतणत त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, "एकदा, फक्त एकदा फवारा मारून घ्या. कोणाला कळणार आहे?"

"बेबीताईले कळन," ते म्हणाले. मग मलाच समजावू लागले, "साडूभाऊ, अळी फिरून राह्यली म्हंजे फुलात जहर नाही. अळी म्हंजे शिक्का हाय शिक्का!" त्याच रात्री त्यांनी त्या अळीचा फोटो वेबसाइटवर सगळ्यात वर लावला. आता मात्र हा माणूस कामातून गेला, अशी माझी खात्री पटली.

दसऱ्याला बेबीताईंची टोपलीन् टोपली आली आणि साडूभाऊंनी ती घेतली. विकली गेली थोडी. उरलेल्या फुलांनी त्यांचं घर मढलं आणि नंतर आमचं. तोरण दाराला झालं, तुळशीला झालं, स्कूटरला, शिलाई मशीनला, शेवटी गॅसच्या सिलिंडरलाही झालं. आमची ही आठवडाभर केसांतून अळ्या काढत होती आणि आपल्या बहिणीच्या नवऱ्याचा उद्धार करत होती. पण दिवाळीच्या सुमारास ऑर्डरी पुन्हा येऊ लागल्या. रांगत्या मुलांच्या आया फोन करू लागल्या, "तुमची अळीवाली फुलं पाह्यजे." ज्यांच्या घरचं कोणी फवारणीत पडलं होतं, ते तर काही न विचारता मागवत. त्यांची उलटतपासणी साडूभाऊंनी कधी घेतली नाही.

पुढे त्यांचे गुडघे गेले. मुलीनं त्यांना पुण्याला नेलं, सातव्या मजल्यावर. धंदा बेबीताईंकडे आला. गेल्या महिन्यात मी निवृत्त झालो. टेबलावर चकचकीत प्लास्टिकात गुंडाळलेले मोठमोठे गुच्छ जमले होते, तेवढ्यात बेबीताई पळसाचा द्रोण घेऊन दारात उभ्या राहिल्या. "भाऊनं पुण्यावरून सांगतलं," म्हणाल्या. भाषणं चालू होती. मी मान खाली घालून झेंडूचं एकेक फूल उलटं करून पाहू लागलो. चौथ्या फुलात ती सापडली.

तसाच व्हरांड्यात जाऊन मी फोन लावला. "साडूभाऊ, अळी निघाली!"

 पलीकडून त्यांचा आवाज आला, पूर्वीपेक्षा बराच बारीक.

"जिवंत हाय नं?"

"हाय," मी म्हणालो. ते फोनवर होते, तरी त्या क्षणी मला त्यांची फार आठवण आली.