आतोबांचा उतार

जगात माणसांच्या जेवढ्या म्हणून अडचणी आहेत, त्या सगळ्या कुठेतरी उतार चुकल्यामुळे झाल्या आहेत, असं आमच्या आतोबांचं ठाम मत आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. चादरीच्या कारखान्यात माग दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, पण जीव अडकला तो सांडपाण्यात. कुणाच्याही घरी गेले की आधी प्यायला पाणी मागतात, अर्धं पितात आणि उरलेलं हळूच फरशीवर ओतून ते कुठल्या बाजूला जातंय ते बघत बसतात. माझ्या लग्नात कार्यालयाच्या जेवणघरात त्यांनी असाच तांब्या कलंडवला आणि पाणी थेट माझ्या सासऱ्यांच्या पाटाखाली गेलं. सासऱ्यांचं नवं धोतर भिजलं. माफी मागायची सोडून आतोबांनी त्यांनाच सुनावलं, "कार्यालय ठरवताना उतार बघायला नको व्हय हो?" सासरे अजून त्यांच्याशी जपूनच बोलतात.

आणि अशा माणसाच्या भवानी पेठेतल्या घरामागे, दोन बाजा टाकल्या की भरून जाईल एवढ्या परसात, पाण्याला जायला वाटच नव्हती. कोबा इतका झिजला होता की सिमेंट उडून खडी वर आली होती. मधोमध खोलगट झालं होतं, तिथे धुण्याभांड्याचं पाणी साचायचं आणि शेवाळ धरायचं. हा कोबा फोडून नवा करायचा बेत मी शाळेत असल्यापासून ऐकत होतो. पण आतोबांच्या परीक्षेत कुठलाच गवंडी पास होईना. "उतार किती ठेवणार?" हा एकच प्रश्न असायचा. एक म्हणाला, "तुमी म्हणाल तेवढा." त्याला चहासुद्धा न देता परत पाठवलं. "ज्याला सोताचं मत न्हाय त्याच्या हातात सिमेंट कसं द्यायचं?" दुसऱ्याने फटकन आकडा सांगितला, तोही नापास. "जागा बघायच्या आधी बोलतोय. लई हुशार हाय." बिचाऱ्या गवंड्यांनी करावं तरी काय!

मग एका सकाळी भांड्यांचं टोपलं घेऊन जाताना आत्या त्या शेवाळावरून घसरली. हाड मोडलं नाही, कमरेला मुका मार लागला, पण तिने धास्ती घेतली. मुलगी येऊन तिला बार्शीला घेऊन गेली. गाडीत बसताना आत्या एवढंच म्हणाली, "परसात बिनघोर पाय टाकता येईल तवा कळवा. तवर मी काय येत न्हाय." त्या संध्याकाळी आतोबा आमच्याकडे आले, पाणी मागितलं आणि सगळंच्या सगळं पिऊन टाकलं. तेव्हा मात्र मला त्यांची खरी काळजी वाटली.

आठवड्याच्या आत नातेपुत्याकडचा एक गवंडी ठरला, तोही परीक्षेविना. अट एकच होती, कोपऱ्यातल्या कढीपत्त्याला धक्का लागता कामा नये. तो आत्याने लावलेला होता आणि अख्ख्या गल्लीच्या फोडण्या त्याच्यावर चालायच्या. आतोबा मूळचे अक्कलकोटच्या पलीकडचे. त्यांच्या कन्नडमध्ये रोपट्याला गिडा म्हणतात आणि मोठ्या झाडाला मरा. आतोबा कढीपत्त्याला गिडा म्हणायचे आणि आत्याला ते लागायचं. "तुमच्यापेक्षा उंच झालाय की आता. मरा म्हणा." अशी कैक वर्षं बोलणी खाऊन आतोबांची जीभ एकदाची वळली होती.

त्यातून आतोबांची आणखी एक तऱ्हा. शांत असले की ते मराठी बोलतात, घाबरले की कन्नड. गवंड्याने कोबा फोडायला मशीन आणलं होतं. त्याच्या धडधडाटात आम्हाला आमचंच बोलणं ऐकू येईना. फोडत फोडत मशीन कोपऱ्याकडे सरकलं, तसे आतोबा दारातून दोन्ही हात हलवत ओरडले, "मरा! मरा!"

नातेपुत्याच्या माणसाला कन्नड कुठून येणार? त्याने ऐकलं, "मारा! मारा!" मालकाला एवढा हुरूप आलाय म्हटल्यावर त्यानेही नेट लावला. मी धावत जाऊन बटण बंद करेपर्यंत बुंध्याजवळचा कोबा उचकटला होता आणि त्याच्याबरोबर कढीपत्ता मुळासकट आडवा झाला होता.

"तुमीच म्हनला की, मारा म्हनून!" गवंडी गोंधळून म्हणाला.

"आरं, झाड म्हणत हुतो मी, झाड!" हे आतोबांनी मराठीत सांगितलं, पण फार उशीर झाला होता. मला हसू आवरेना आणि त्यांच्याकडे बघवेना.

काम पुढे झालं. आतोबांनी ओल्या कोब्यावर स्वतः खराटा ओढून रेघा पाडल्या, घसरायला नको म्हणून. बार्शीहून रोज फोन यायचा. आत्या विचारायची, "कढीपत्ता कसा हाय?" आतोबा सांगायचे, "उतार झकास आलाय." ती विचारायची, "पाणी घालताय न्हवं?" हे म्हणायचे, "पाणी अजिबात थांबत न्हाय." खोटं ते एकदाही बोलले नाहीत. मात्र फोन ठेवला की कपाळाला हात लावून बसायचे. हे कळल्यावर ती बार्शीतच राहिली तर, ही एकच भीती त्यांना होती.

आत्या आली. परसाच्या दारातच आतोबांनी सगळं एका दमात सांगून टाकलं. तिने रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं. डोळे भरले तिचे. मग पदर तोंडाला लावून अशी हसत सुटली की कंबर धरावी लागली. "आवं, त्या दिवशी तरी गिडा म्हणायचं की!"

मग तिने नव्या कोब्यावर पाय टाकला. मागून आतोबा, दोन्ही हात पुढे करून.

"धरू नका, जातीय की मी."

"धरलंय कुटं?" आतोबा म्हणाले, पण हात तसेच.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. आत्याची कंबर केव्हाच बरी झाली, तरी ती परसात निघाली की आतोबा हात पुढे करून मागोमाग जातातच. हल्ली आतोबांचीच चाल मंदावली आहे. म्हणून आत्या मुद्दाम हळूहळू चालते, त्यांचे हात मागे राहू नयेत म्हणून.