चिरेखाणीच्या काठावर

मी लग्नांचे फोटो काढून पोट भरणारा माणूस. वाळवंटातल्या लाल दऱ्यांपर्यंत जाण्याची ऐपत नव्हती, म्हणून मालवणजवळच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, एका बंद चिरेखाणीवर फोटो काढायला जायचो. जांभ्या दगडाचे चिरे कापून नेल्यावर उरलेल्या त्या खोल खड्ड्याच्या उभ्या लाल भिंती उतरत्या उन्हात थेट तशाच दिसत.

तिथे काठावर एक म्हातारा रोज यायचा. वहाणा काढून शेजारी जोडीने ठेवायचा आणि मगच तापलेल्या कातळावर बसायचा. मला वाटे, पाय घसरू नये म्हणून काढत असेल. तो फोटोत येऊ नये म्हणून मी दर वेळी कोन बदलायचो आणि मनातून चरफडायचो.

एकदा मी त्याच्याजवळ उभा होतो, तेव्हा त्यानेच विचारलं, "काय काढतंस रे?"

भिंती सुंदर दिसतात, असं मी म्हणालो. त्याने भिंतींकडे पाहिलं. मग त्याने खड्ड्याच्या वर, आमच्यासमोरच्या रिकाम्या हवेत बोट दाखवलं.

"थंय काढ. थंय माझा घर होता. झिलान, माझ्याच पोरान, जागा खाणीक दिल्यान. मी बसलंय ती आमची पायरी, तेवढीच रवली."

माझी नजर त्याच्या वहाणांकडे गेली. मी त्या हवेचा फोटो काढला आणि त्याला दाखवला. कॅमेऱ्यावर हाताची सावली धरून त्याने तो नीट पाहिला.

"वायच जरा खाली घे," तो म्हणाला. "पडवी अजून येवक नाय."