मावशीची टाळी

आमच्या मावशीला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी जिल्ह्याच्या सिंफनी वाद्यवृंदाचा कार्यक्रम असला की सगळं सभागृह तिच्या हातांकडे डोळे लावून बसायचं.

तिचं धुलाई-इस्त्रीचं दुकान. काका बसगाड्यांच्या आगारात मेकॅनिक, आणि रविवारी वाद्यवृंदात डबलबास वाजवणारे. डबलबास म्हणजे कपाटाएवढं व्हायोलिन, उभं राहून वाजवायचं. बाकीचे वादकही असेच पोटापाण्याचं सांभाळून आलेले: दातांचा डॉक्टर, पोस्टातली बाई, दोन मास्तर. कार्यक्रमात लोकांच्या कानावरच्या धुना असायच्या, आणि मध्येच कुणी जन्मात न ऐकलेली एखादी रचना घुसडलेली असायची, गुळातून कडू औषध चारावं तशी. ओळखीच्या धुनेला टाळी कुठं द्यायची ते सगळ्यांना ठाऊक. ही अनोळखी बया मात्र संपल्यासारखी करायची आणि पुन्हा उठून बसायची. अशात एकट्याचीच टाळी वाजली की त्या माणसाला तोंड कुठं लपवू असं व्हायचं.

मावशीला खूण सापडली होती. रचना खरंच संपली की काका हातातला गज खाली घ्यायचे आणि मिशीवरून पालथा हात फिरवायचे. हात मिशीवर गेला की मावशीची टाळी! ओल्या चादरी झटकून तयार झालेले हात, आवाज पार मागच्या भिंतीपर्यंत. ही बाई चुकत नाही, हे लोकांनी हेरलं. बेकरीवाला तर तिच्या मागचीच खुर्ची धरायचा. मावशीलाही ते आवडायचं. उगाच नाही म्हणून काय करू?

यंदा संचालकबाईंनी एक भलतीच रचना काढली. शेवटी ढोल-तुताऱ्या सगळं एकदम अंगावर कोसळायचं, मग चिडीचूप, आणि मग एकटा डबलबास. एकटा! काकांनी उभी हयात दुसऱ्यांच्या सुराखाली टेकू देण्यात घातलेली. स्वतःचं असं काही वाट्याला आलं ते आत्ता, बोटं आखडायला लागल्यावर. पुढच्या वर्षी ते वाजवणार नव्हते.

"त्या दणक्याला कुणी टाळी दिली ना, तर माझं सगळं वाहून जाईल बघ," काका जेवता जेवता म्हणाले.

"मी दिली नाही तर कुणाची छाती आहे?"

"तुझ्याच हातांची भीती वाटते मला. फार उतावळे आहेत."

"उतावळे? ह्याच हातांनी तुमच्या शर्टांचं ग्रीस काढलंय आजवर. हातांवर बसते, मग तर झालं?"

आणि खरंच बसली. रविवारी दुपारी तिसऱ्या रांगेत, दोन्ही पंजे मांडीखाली दाबून.

दणका झाला. शंभर हात वर आले आणि शंभर माना मावशीकडे वळल्या. मावशी दगड. मागं बेकरीवाल्याचे हात जुळायच्या बेतात होते. तिनं वळून असं पाहिलं, की त्यानं ते तसेच डोक्यावर नेले आणि केस खाजवले.

सगळं शांत झालं आणि काकांनी गज लावला. तो सूर कानांतून कमी आणि खुर्चीच्या लाकडातून जास्त येत होता. जड, सावकाश, दिवसभर राबलेला माणूस दम खात बोलतो तसा. कुणी खोकलं नाही.

सूर विरला. संचालकबाईंनी तालाची काठी खाली केली. काका मात्र डोळे मिटून, गज तारांवर ठेवून तसेच उभे. मिशी त्यांच्या ध्यानातच नव्हती. मावशी हातांवर बसलेली. लोक मावशीकडे बघत बसलेले.

"वहिनी, काय करायचं?" बेकरीवाला मागून कुजबुजला.

"गप्प बसा हो. मिशी पुसली नाही अजून."

मिशीची खूण त्याला काय माहीत? काकांनी डोळे उघडले. समोर भरलेलं सभागृह आणि एक टाळी नाही. ते आधी बाईंकडे बघायला लागले, मग स्वतःच्या बोटांकडे. चेहरा पार उतरला.

तो चेहरा बघितला आणि मावशी ताडकन उभी राहिली.

"अहो! झालं का?"

"झालं की गं! केव्हाच!"

हशा आणि टाळ्या एकदमच फुटल्या. बाईंनी काठी काखेत धरून टाळ्या वाजवल्या, दातांच्या डॉक्टरनं पाय आपटले, बेकरीवाला खुर्चीवर चढला. मावशीच्या तेवढ्या वाजेनात. हातांना मुंग्या आल्या होत्या.

परतताना दुकानाच्या टेम्पोत डबलबासची मान दोघांच्या मध्ये आलेली. काकांनी बराच वेळ कळ काढली, मग विचारलंच, "कसं झालं?"

"मला काय माहीत?"

"म्हणजे?"

"मी सगळ्यांना धाकात ठेवू, का तुमचं ऐकू? एक सूर कानात शिरला असेल तर शपथ. घरी गेल्यावर वाजवून दाखवा."

"अगं, कोट तरी काढू देशील?"

"कोट राहू द्या अंगात," मावशी म्हणाली. "मी खुर्ची घेऊन समोर बसते."