सोन्याचा कान

कारागिराच्या बायकोचा डावा कान खालून फाटका होता. कुणी विचारलं की ती सांगायची, "लेकाने तान्हेपणी डूल ओढला." खरं तर भांडणात नवऱ्याने तो हिसकावला होता. पण घरातलं चव्हाट्यावर कशाला, म्हणून तिने खापर पोराच्या माथी फोडलं आणि नवऱ्याने ते खुशाल फोडू दिलं. पोराला मिसरूड फुटली, नोकरी लागली, तरी आईच्या कानाकडे नजर गेली की तो ओशाळायचा. "आई, शिवून घेऊया का गं?" म्हणायचा.

"एकदा सांगा हो त्याला," ती नवऱ्याला म्हणायची.

"जुनी मढी कशाला उकरतेस?" तो म्हणायचा. मढं कुणी पुरलं, ते मात्र सोयीस्कर विसरायचा.

पुढे तो काम करायचा त्या दागिन्यांच्या कारखान्याच्या मालकीण मॅडमच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. माणसाच्या अंगाचे हुबेहूब दागिने करायचे: सोन्याचे ओठ, सोन्याची कोपरं, गळ्यावर गळ्याचीच हाडं. बायको एकदा डबा द्यायला गेली, तर मॅडम तिच्या कानावरच भाळल्या. लगेच खुर्चीत बसवून साचा घेतला.

साच्यातून निघालेला मेणाचा कान कारागिराने घरी आणला आणि गरम सुरीने फाटकी पाळी गुपचूप सांधून टाकली. जन्मभर तोंडातून शब्द फुटला नाही, पण मेणात गडी चुटकीसरशी मोकळा झाला. ते बघून तिला इतका संताप आला, की त्या दिवशी तिने त्याला वाढलंसुद्धा नाही.

मॅडमनी कान परत पाठवला. असले धड कान पैशाला पासरी मिळतात, फाटकाच हवा, असा निरोप आला.

सुट्टीचा दिवस होता. मुलगा जेवत होता. कारागीर मेण आणि सुरी घेऊन खिडकीपाशी बसला.

"अगं, जरा उजेडात ये. चीर कशी गेलीय ते बघू दे."

ती मुलाच्या ताटात भात वाढत होती. जागची हलली नाही. "बघायचं काय त्यात? तुमच्या हाताला ठाऊक आहे. डूल ओढलात तेव्हा कुठे बघितलं होतंत?"

मुलाचा घास हातातच राहिला.

"मग इतकी वर्षं मीच ओढला असं का सांगितलंस?" त्याने विचारलं. बापाला नव्हे, तिला.

कारागिराने मान खाली घातली आणि मेणाला सुरी लावली.