पिंकीच्या फ्रॉकचा गळा

थांबा, हातातलं काम बाजूला ठेवा, हे आत्ताच सांगते. कारण आई उद्यापर्यंत आख्ख्या घनसावंगीला सांगून मोकळी होईल, आणि तिच्या सांगण्यात मी फार हुशार निघते. तसं काही झालेलं न्हाई. मी आयुष्यात पहिल्यांदा शिवणकाम केलं आणि त्यात एका जणीचं मुंडकं निघालं. बास, एवढंच झालं.

जिचं निघालं ती पिंकी. पिंकी म्हणजे माझ्या भाचीची, ओवीची बाहुली. (भाची म्हणजे भावाची पोरगी. आमच्याकडं भावाच्या पोरीलाही भाचीच म्हणतात, उगं दुरुस्त करत बसू नका.) ओवी पहिलीत आहे आणि मला आत्तू म्हणते. महालक्ष्म्या दुसऱ्या दिवशी बसणार होत्या, त्यामुळं घरात नुसती धावपळ. आई आणि वहिनी करंज्यांच्या मागं. मला कुणी पिठाला हात लावू देत न्हाई, त्याचं कारण मागच्या वर्षीच्या करंज्या. तर मला काम मिळालं, पोरीला सांभाळ.

पोरगी तोंड पाडून बसल्ती. का? तर घरात सगळ्यांना नवे कपडे. आज्जीला साडी, मम्मीला साडी, खुद्द महालक्ष्म्यांना साड्या, आणि महालक्ष्म्यांसमोर बसतात ती त्यांची दोन लेकरं, एक पोरगा एक पोरगी, ज्यांना आमच्याकडं पिलवंडं म्हणतात, त्यांना पण दरवर्षी नवे कपडे. आणि पिंकी? पिंकी उघडी. तिचा एकुलता एक फ्रॉक ओवीनं धुऊन अंगणात वाळत घातला आणि शेजारच्या शेळीनं खाल्ला. बटणासकट.

"आत्तू, सगळ्या बायका येणार. पिंकी अशीच बसणार का?"

आता यावर माणूस काय म्हणणार! मी म्हणलं, हात्तिच्या, आपण शिवू की. मी मोबाईलवर शिवणकामाचे इतके व्हिडिओ बघितलेत की मला माझं दुकान टाकायचं तेवढं राह्यलंय असं वाटायचं. आईची पायाची मशीन आहेच. राह्यलं कापड.

तर कपाटाच्या खालच्या कप्प्यात ब्लाऊज पीसांची थप्पी. तुमच्याकडं पण असणार. आमच्या घरात ब्लाऊज पीस शिवत नसतात, फिरवत असतात. ओटीत आला की घडी न मोडता पुढच्या ओटीत. एकदा आईनं दिलेला मोरपंखी पीस आख्खं गाव फिरून परत आमच्याच घरी आल्ता, आणि आईनं त्याला सासरहून आलेल्या लेकीसारखं घरात घेतलं. म्हणजे या थप्पीतला एखादा कमी झाला तर कुणाच्या बापाला कळणार न्हाई, हा माझा हिशोब. सगळ्यात वर हिरवा, सोनेरी बुट्ट्यांचा पडल्ता. उचलला. तो सगळ्यात वर का आहे, हा विचार एखाद्या बुद्धिवान बाईनं केला असता.

माप मात्र मी बराबर घेतलं. दोरी घेऊन पिंकीची छाती, कंबर, उंची. गळ्याचं माप गळ्यावर घेतलं. गळ्याचं माप गळ्यावर न्हाई घ्यायचं तर कुठं घ्यायचं? पेपरवर आकार काढला, कापला, शिवायला बसले. मशीनचं चाक दोनदा उलटं फिरलं, दोरा तुटला, ओवी प्रत्येक वेळी "आत्तू, आज्जीचं असं होत न्हाई" म्हणून धीर देत राह्यली. पण फ्रॉक काय झाला म्हणता! खाली घेर, घेराला झालर. मी स्वतःच त्याचा फोटो काढून स्टेटसला टाकला.

मंग पिंकीला घालायला गेलो तर डोकं जाईना.

पिंकीचं डोकं म्हणजे भलंमोठं, वर केसांचा झुबका. आणि फ्रॉकचा गळा बांगडीएवढा पण न्हाई, अंगठीचा मोठा भाऊ. खालून घातला, कंबरेत अडकला. तिरका घातला, एक हात गेला, तो निघेना. ओवी गालाला हात लावून बघत होती.

"आत्तू, डोकं काढ ना तिचं. मंग जाईल."

"गप गं. कपडे घालायला डोकं काढतं का कुणी?"

हे वाक्य ध्यानात ठेवा.

म्हणलं, दुसरा शिवू. कापड आहे अजून. पहिल्यात काय चुकलं यावर मी खोल विचार केला आणि बाह्या मोठ्या केल्या. गळ्याचा पेपर तयारच होता, तो कशाला वाया घालवायचा! तोच ठेवून कापला. आता कापड उरल्तं थोडं, त्यामुळं घेर गेला, झालर गेली, आणि फ्रॉक करता करता त्याचा सदरा झाला. गळा तोच, अंगठीचा मोठा भाऊ.

पण या खेपेला मी हार मानणार नव्हते. पिंकीला दोन गुडघ्यांत धरलं, सदरा डोक्यावर ठेवला आणि जोर लावला. टप्पकन आवाज आला. सदरा माझ्या हातात, पिंकी गुडघ्यांत, आणि पिंकीचं डोकं गडगडत पलंगाखाली.

ओवीनं असा सूर लावला की शेजारची शेळी सुद्धा ओरडली.

"काय झालं गं?" आईनं आतून विचारलं.

"काही न्हाई, पिंकी पडली!" मी म्हणलं. खोटं न्हाई बोलले. काही भाग पडलाच होता.

डोकं बसवायला लई ताकद लागली. शेवटी बसलं ते उलटं. म्हणजे पोट इकडं, तोंड तिकडं. फिरवायला जावं तर परत निघायची भीती. मी ओवीला समजावलं की आता पिंकीची मागून कुणी खोड काढली तर जल्दी दिसंल. ओवीनं माझ्याकडं जे बघितलं ते मी सांगत न्हाई. पिंकीला माझ्या रुमालात गुंडाळलं, दोन्ही कपडे कपाटात साड्यांच्या मागं सारले आणि उद्या काहीतरी करू म्हणून शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी महालक्ष्म्या उभ्या करायची वेळ. स्टँड लागले, साड्या नेसवून झाल्या. आई कपाटापाशी गेली आणि तिथनंच म्हणली, "वर हिरवा पीस ठेवल्ता, पिलवंडांच्या कपड्यांचा. कुठं गेला?"

तो पीस फिरणारा नव्हताच! आईनं मुद्दाम कापडवाल्या काकूंकडून आणल्ता आणि त्याच दिवशी सकाळी शिवायचा म्हणून सगळ्यात वर ठेवल्ता. आता काय, पळून जालन्याची बस पकडावी का, असा विचार करून राह्यले तेवढ्यात ओवीनं साड्यांच्या मागं हात घालून दोन्ही कपडे आईच्या हातात दिले. पोरं मोठी दगाबाज असतात.

आईनं कपडे उलटेसुलटे केले. गळ्यात बोट घालून बघितलं. मंग माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं.

आई कपडे घेऊन पिलवंडांपाशी गेली. पिलवंडांचं कसं असतं, खाली छोटा स्टँड, वर नुसती दांडी. आधी कपडे चढवायचे, आणि मंग वरून मुखवटा ठेवायचा. आईनं फ्रॉक वरून सोडला. सर्रकन बसला! घेर बराबर, झालर बराबर, गळा तर असा की मापच त्याचं घेतल्यासारखा. दुसऱ्याला सदरा. वर मुखवटे ठेवले. वहिनी पुरणाच्या हातानं बघायला आली आणि म्हणली, काय सुरेख दिसून राह्यले.

"शिवायचं होतं तर सांगायचं ना," आई म्हणली. "मी सकाळपासून मशीनवर कधी बसू म्हणून जीव टांगणीला लावून बसले."

मी नम्रपणे मान खाली घातली. (काही प्रसंगी माणसानं बोलू नये.)

पण खाली बघितलं तर ओवी. डोळे भरलेले, हातात रुमालातली पिंकी.

"आज्जी, ते माझ्या पिंकीचं आहे. आत्तूनं तिचं डोकं काढलं, तरी पण पिंकीला काहीच न्हाई."

आईनं रुमाल उघडला. पाठीवर तोंड असलेली पिंकी छताकडं बघत होती. आईनं पदर तोंडाला लावला, आणि तिचे खांदे हलायला लागले. वहिनी तर भिंत धरून खाली बसली.

हसून झाल्यावर आईनं थप्पीतला मोरपंखी पीस काढला, तोच, गाव फिरून आलेला, आणि त्याची घडी मोडली. महालक्ष्म्या तशाच थांबवून मशीनवर बसली. पाठ मोकळी ठेवली, वर एक हूक लावला, आणि फ्रॉक पुढून पिंकीच्या हातांवरून चढवला. डोक्याचा कुठं संबंधच आला न्हाई. मंग गरम पाण्यात पिंकीची मान धरली आणि तोंड सरळ केलं. ओवीनं तिला नेऊन पिलवंडांच्या शेजारी बसवलं. आईनं पिंकीला पण कुंकू लावलं.

संध्याकाळी हळदी-कुंकवाला बायका आल्या. आणि आई, जिला सगळं माहीत होतं ती माझी आई, प्रत्येकीला सांगत होती, "पिलवंडांचे कपडे आमच्या पोरीनं शिवलेत. मनच लई तिचं शिवणात." (माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे, हे तुमच्या ध्यानात आलंच असंल.) कापडवाल्या काकू, त्यांचं घराणं मूळचं राजस्थानचं, पण काकू आमच्यापेक्षा घनसावंगीच्या, त्या खाली वाकल्या, सदऱ्याचा गळा निरखून बघितला.

"काय बारीक काम आहे बेटा. आमच्या देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला, लड्डू गोपाळला पण एक पोशाख शिवून दे. कापड माझं."

मी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात ओवी मधे आली.

"काकूआज्जी, त्याचं डोकं निघतं का?"

काकू अजून विचारून राह्यल्यात की पोरगी असं का म्हणली. आई म्हणते, लहान आहे, काहीही बोलती. आणि मी आता मशीनवर बसू शकते, आईची ना न्हाई. अट एकच. गिऱ्हाईकाचं डोकं आधी काढून बाजूला ठेवता आलं पाहिजे.

तर आता खरं सांगा. तुमच्या हातनं पण कुणाचं असं काही निघालंय का, का मी एकटीच आहे?