सूर्य बुडायच्या आत

निपाणीतल्या आमच्या घरमालकीण पद्माक्का दिवसभरात कुणाशी ना कुणाशी कडाकडा भांडायच्या आणि सूर्य बुडायच्या आत ते भांडण मिटवून टाकायच्या. जैनांचं घर. दिवस मावळल्यावर तोंडात घास घालायचा नाही, हा नियम सगळ्या गल्लीचाच. त्याला भांडणाचं कलम मात्र आक्कांनी स्वतःच्या अकलेनं जोडलं होतं. "रातच्याला पोटात कायबी ठिवू नये बघा मास्तर," त्या म्हणायच्या. "भाकरी पचत न्हाय, मग राग कुठला पचतोय?"

सत्तर सालानंतर कधीतरी मी त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं आलो. हायस्कुलात शिकवायचो. मी स्वभावानं अगदी शांत आहे असं माझं मत होतं, आणि घरात हे मत माझं एकट्याचंच होतं. मी कुणाशी भांडत नसे हे खरं आहे. मी फक्त बोलणं बंद करायचो. आमची ही, सुमती, म्हणायची, "तुम्ही भांडलात तर बरं होईल हो, निदान काय बिघडलंय ते तरी कळेल."

पहिल्याच आठवड्यात मी उंबऱ्याजवळच्या मुंग्यांवर कढत पाणी ओतलं. आक्का अंगणातून किंचाळल्या, "मास्तर! त्या मुंग्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?" मग मराठीत सुरू झालेलं कानडीत गेलं आणि परत मराठीत आलं. गल्लीतली माणसं तंबाखू वाळत घालायची थांबून बघत राहिली. मी नेहमीप्रमाणे तोंडाला कुलूप लावलं. हे प्रकरण दिवाळीपर्यंत सहज पुरेल, असा माझा अंदाज होता. तर ऊन कलतंय तोवर आक्का ताटलीत शेंगदाण्याची पोळी घेऊन दारात हजर. "आटपायचं का आता? सूर्य चाललाय." माझा चांगला तापवत ठेवलेला राग त्या बाईनं एका पोळीत संपवला. मला ते मुळीच आवडलं नाही. पोळी मात्र मी सगळी खाल्ली.

खरी फजिती भाद्रपदात झाली. पर्युषण संपल्यावर आक्का नवं लुगडं नेसून आल्या आणि माझ्यासमोर हात जोडून म्हणाल्या, "वर्षात कळत-नकळत मन दुखावलं आसंल तर क्षमा करा." जैनांची ही रीत मला ऐकून माहीत होती. पण माझं डोकं! म्हटलं, ही बाई उगाच माफी मागणार नाही, हिनं नक्की काहीतरी केलंय. दोरीवरचे कपडे तपासले. लाकडं बघितली. शेजाऱ्यांकडे माझ्याबद्दल काय बोलल्या असतील, याचे तर्क लढवले. आक्का क्षमा मागून शांत झोपल्या असणार, आणि क्षमा करून मी कूस बदलत पडलो! शेवटी न राहवून विचारलं, "आक्का, तुम्ही नेमकं काय केलंत?"

त्या पोट धरून हसल्या. "आवऽ, काय केलं ते ठावं असतं तर त्याच दिवशी भांडून मोकळी झाले आसते की! ठावं न्हाय त्याचीच क्षमा. तुमी तर मनात पोलीस ठेवलाय की वो मास्तर. कोण आलं की धर!"

त्यांचं बरोबर होतं. त्या पोलिसानं तोवर माझ्या सख्ख्या भावालाच धरून ठेवलं होतं. माझा थोरला भाऊ, अण्णा, बेळगावात खासबागला राहायचा, घरी हातमाग होता. वडील गेल्यावर त्यानंच मला शिकवलं. त्याच्या मुलीच्या लग्नात पहिली पंगत बसत होती, मी पाटाकडे निघालो, तर अण्णानं चारचौघांत मला अडवलं. "तू थांब रं. तू मागनं बस." मी, हायस्कूलचा शिक्षक, मागून! तसाच मांडवातून निघालो, गाडी धरून घरी आलो. त्यानंतर अण्णाशी बोलणं बंद. दसरे गेले, दिवाळ्या गेल्या. दर दिवाळीला सुमती करंज्यांचा एक डबा बाजूला काढायची आणि माझ्याकडे बघायची. मी छताकडे बघायचो.

ही कथा मी आक्कांना रंगवून सांगितली. बाई भांडखोर, आपली बाजू घेणारच, असा हिशेब. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुमी उपाशी आलासा?"

"उपाशीच!" मी छाती फुगवून म्हटलं.

"आन् अण्णा जेवला का?"

"मला काय माहीत?"

"पोरीचा बाप कवा जेवतो वो मास्तर? समद्यांच्या मागनं. त्येच्या शेजारी कोण बसायचं हुतं?"

मी गप्प बसलो. या वेळचं गप्प बसणं रागाचं नव्हतं. "पाव्हण्याला पैल्या पंगतीला बसीवत्यात," आक्का म्हणाल्या. "तुमाला घरचं समजलं, त्येच्यावर रुसलासा? आता जावा."

"खासबाग लांब आहे आक्का, पोचेपर्यंत सूर्य बुडेल," मी पळवाट काढली.

"मग उद्याची पैली गाडी धरा!"

गाडीत बेळगाव येईपर्यंत मी मनातल्या मनात अण्णाशी भांडलो. दोघांचे संवाद मीच म्हणत होतो, त्यामुळे प्रत्येक वेळी जिंकलो. प्रत्यक्षात अण्णानं माग थांबवला, माझ्याकडे बघितलं आणि आत हाक मारली, "आगं, दोन ताटं कर. धाकटा आलाय." एवढंच. माझं सगळं भाषण फुकट गेलं. जेवताना मला रडू फुटलं आणि मी ते ठेच्यावर ढकललं. त्या दिवशी मांडवात अण्णा खरंच जेवला नव्हता, हे वहिनीनं नंतर सांगितलं.

आक्का गेल्या त्या बऱ्याच वर्षांनी, एका हिवाळ्यात. दिवसांच्या जेवणाला अण्णा मुद्दाम खासबागहून आला; मला त्याच्याकडे कुणी आणि काय सांगून धाडलं होतं, ते त्याला माहीत होतं. अंगणात पंगत मांडली होती. आक्कांचा मुलगा भरमाण्णा माझा हात धरून म्हणाला, "मास्तर, या, पैल्या पंगतीला बसा."

आणि मला राग आला! इतकी वर्षं या घरात काढली, आक्कांच्या हातचं खाल्लं, आणि आज मी पाहुणा? तोंडाला कुलूप लागणार, एवढ्यात अण्णा कानाशी पुटपुटला, "मागं बसीवलं तरी राग, पुढं बसीवलं तरी राग. तुझं करायचं तरी काय रं?"

मी भरमाण्णाच्या हातातली वाढायची बादली घेतली. "मी वाढतो," म्हटलं, "आणि मागून बसतो. तुझ्याबरोबर."

भरमाण्णाला आईच्या मरणात न आलेलं रडू तेव्हा आलं. मग आम्ही तिघं शेवटच्या पंगतीला बसलो. ऊन पार भिंतीच्या टोकाला गेलं होतं. मी पानातला भात नुसताच चिवडत होतो. अण्णानं माझ्या पानाकडे बघितलं आणि म्हणाला, "आटप लवकर. सूर्य चाललाय."